मातींतील एक सूक्ष्म कुल

आपल्या आजीपणजींच्या काळीं 'क्षय' हा शब्द घरांत मोठ्यानें उच्चारीत नसत. रोग्याची खोली निराळी, भांडीं निराळीं. आणि उपाय काय, तर मोकळी हवा, दूध व विश्रांति. ऐपत असल्यास मिरज किंवा पांचगणी. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढला खरा. परंतु शत्रूचें नांव कळलें म्हणजे शस्त्र हातीं आलें असें होत नाहीं. त्यास आणखी ६१ वर्षें लागलीं. आणि तें शस्त्र सांपडलें कोठें, तर मातींत, त्या जंतूच्याच भाऊबंदांपाशीं!

हे भाऊबंद म्हणजे 'ॲक्टिनोबॅक्टीरिया' नांवाचें एक विस्तीर्ण कुल. क्षय, कुष्ठ व घटसर्प यांचे जंतु याच कुलांतले. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आंतड्यांत सुखानें नांदणारे, त्याच्या हिताचे 'बायफिडोबॅक्टीरिया' हेहि याच कुलांतले. मातींत राहणारे यांतील पुष्कळ जंतु बुरशीप्रमाणें सूक्ष्म तंतु पसरतात, म्हणून पूर्वीचे शास्त्रज्ञ त्यांस बुरशींतच गणीत.

वाचकांनीं हे जंतु डोळ्यांनीं पाहिले नसले, तरी नाकानें खचित ओळखले आहेत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो सुवास सुटतो, त्यांतील 'जिऑस्मिन' हें द्रव्य बव्हंशीं स्ट्रेप्टोमायसीज नांवाचे जंतु निर्माण करतात. लिटरभर पाण्यांत ग्रॅमचे पांचदहा अब्जांश जिऑस्मिन असलें तरी तें आपल्या नाकास कळतें. हा सुवास अर्थात् आपल्याकरितां नव्हे. मातींतील उड्या मारणारे चिमुकले किडे त्याकडे ओढले जातात, जंतु भक्षण करतात आणि जातां जातां त्यांचीं बीजें दूरवर पेरतात, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें.

यांचें नित्याचें काम मातीच्या झाडलोटीचें. वाळका पाला, काड्या, किड्यांचीं कवचें, जें इतरांस सहसा पचत नाहीं तें हे पचवितात. खताचा तापलेला ढीग उकरल्यावर आंत राखेसारखी पांढुरकी पूड दिसते, ती पुष्कळदां यांचीच वसाहत असते. कोंकणच्या रेताड किनाऱ्यावर सुरूचें झाड तग धरतें, त्यासहि मुळांच्या गांठींत राहून हवेंतील नत्रवायु पुरविणारा 'फ्रँकिया' हा याच कुलांतला.

मातींत अन्न थोडें आणि खाणारे फार. तेथें यांपैकीं कित्येक जंतु शेजाऱ्यांस मारक अशीं द्रव्यें सोडतात. अमेरिकेंत रटगर्स येथें डॉ. सेल्मन वाक्समन यांनीं हाच धागा धरला, आणि १९४३ च्या ऑक्टोबरांत त्यांचा विद्यार्थी आल्बर्ट शात्झ यास खत घातलेल्या शेतांतील मातींतून स्ट्रेप्टोमायसिन हें औषध देणारा जंतु मिळाला. पुढें श्रेयावरून गुरुशिष्य न्यायालयांत उभे राहिले. १९५० सालीं तडजोड होऊन शात्झ यास सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली, परंतु १९५२ चें नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांसच दिलें गेलें. भाऊबंदकी केवळ जंतूंतच असते असें नाहीं!

औषध अपूर्व, तथापि तें एकटें दिलें कीं रोगी सुधारे, आणि थोड्या महिन्यांत क्षयाचे जंतु त्यास जुमानीनासे होत. म्हणून अनेक औषधें एकत्र देण्याची रीत पडली. आज त्यांत प्रमुख असलेलें रिफाम्पिसिन हेंहि मूळचें मातींतलेंच: फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मातींत १९५७ सालीं याच कुलांतील दुसरा एक जंतु सांपडला, त्याच्या द्रव्यावर प्रयोगशाळेंत संस्कार करून तें तयार झालें.

साध्या क्षयावर हा औषधक्रम सहसा सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग धरतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आतां गोळ्या कशाला?" नेमके त्याच वेळीं फुप्फुसांत उरलेले जंतु निवांत बसलेले असतात. गोळ्या मध्येंच सुटल्या कीं ते पुन्हां वाढूं लागतात, आणि त्यांतील रिफाम्पिसिनासहि न जुमानणारे जंतु खोकल्यावाटे घरांतल्या इतरांपर्यंत पोंचतात.