मूळ झाड मरतंय, तरी ब्रॅम्ली सफरचंद का संपणार नाही?

इंग्लंडमधल्या साऊथवेल गावात 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनं सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातलं एक झाड वाढलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं घेतलं आणि फळाला नाव मिळालं त्याचं! लावणारी राहिली बाजूलाच.

ते झाड आता बुरशीच्या रोगानं मरणपंथाला लागलंय. मग त्याच्या बिया का पेरत नाहीत? कारण सफरचंदाच्या बीपासून तसंच फळ मिळत नाही. आपल्या हापूसच्या कोयीचंही तेच. म्हणून काडी कापून दुसऱ्या खुंटावर कलम बांधतात. म्हणजे जगातलं प्रत्येक ब्रॅम्लीचं झाड हे त्या एकाच झाडाचा तुकडा आहे.

ब्रॅम्ली इतकं आंबट की कच्चं फारसं कुणी खात नाही. जेलीला मात्र हाच आंबटपणा लागतो, शिवाय घट्टपणा आणणारं पेक्टिन. ते साल आणि गाभ्यात भरपूर असतं, म्हणून फोडी सालीसकट शिजवून फडक्यात टांगतात. रस आपोआप गळू द्यायचा. पिळलात तर जेली गढूळ होते. मग साखर घालून साधारण 105 अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशीला वाव मिळत नाही. तब्येतीसाठी साखर निम्मी केली, तर जेली नीट धरतही नाही आणि टिकतही नाही.