भावंडाचे खाते

दिवाळीस आपण चोपडा-पूजन करितो, नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखितो आणि लाभपंचमीस मुहूर्ताचा सौदा करून व्यवहारास आरंभ करितो. त्या वहीत अडत्याचे खाते असते, दलालाचे असते, हमालीचे असते, पांजरापोळाच्या धर्मादायाचेही असते. परंतु पुष्कळ पेढ्यांच्या वहीत एक खाते आढळत नाही. घरातील जे भावंड अंध, मूकबधिर, पायाने अधू अथवा बुद्धीने मंद आहे, त्याच्या नावाचे ते खाते होय. त्याचा सारा व्यवहार 'घरखर्च' या एका शब्दात मिटलेला असतो.

हे आम्ही दुसऱ्यांस शिकविण्यासाठी लिहीत नाही. आमच्या पेढीवरही हेच होते. आमचे धाकटे बंधू सहाव्या वर्षी देवीच्या आजाराने दृष्टीस मुकले. वडिलांच्या पश्चात त्यांना अन्न, वस्त्र, औषध यांपैकी काही कमी पडू दिले नाही, याचे आम्हांस समाधान होते. खरे सांगावयाचे तर थोडा अभिमानही होता. एका दिवाळीस पूजन आटोपल्यावर ते शांतपणे म्हणाले, "दादा, माझ्या नावे किती बाकी आहे?" आम्ही वही चाळू लागलो आणि थांबलो. खातेच नव्हते. पंचवीस वर्षे हा मनुष्य रोज सकाळी पेढीवर येऊन पोत्यात हात घालीत होता आणि गव्हात ओलावा किती, डाळीस कीड लागू पाहते आहे की काय, हे आमच्या आधी सांगत होता. त्या श्रमाची एक ओळही आमच्या वहीत नव्हती.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहो.

वाटा हक्काचा आहे

जुन्या हिंदू धर्मशास्त्रात जन्मांध, बधिर, मुका इत्यादिकांस वडिलार्जित मिळकतीत वाटा नसे. केवळ पोटगीचा अधिकार असे. १९२८ च्या कायद्याने हे बंधन मिताक्षरा पद्धतीच्या कुटुंबांत बहुतांशी दूर केले, तरी जन्मतः बुद्धिविकल असलेला मनुष्य वगळलेलाच राहिला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, जो आपणां जैनांसही लागू आहे, स्पष्ट सांगितले की कोणताही रोग, दोष अथवा व्यंग यांमुळे कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरत नाही. सबब दिव्यांग भावंडास आपण 'सांभाळतो' ही भाषाच सदोष आहे. पुष्कळदा त्याच्याच पैशातून त्याला सांभाळले जात असते आणि पुण्य मात्र आपल्या नावे जमा होते.

साहाय्याची मर्यादा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दोन गोष्टी व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, दिव्यांग मनुष्यास इतरांप्रमाणेच मिळकत बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, आपला पैसा आपण हाताळण्याचा आणि कर्ज काढण्याचा अधिकार आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. ज्या व्यवहारात साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतला असेल, त्या व्यवहारापुरते त्याने साहाय्यापासून दूर राहावे. म्हणजे भावाचे घर आपणच विकत घेणार असू, तर त्या सौद्यात भावाचे सल्लागारही आपणच होता कामा नये. तो सल्ला त्यांनी त्रयस्थाकडून घ्यावा.

आपल्या धर्मास हे नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटा लेख करणे आणि दुसऱ्याची ठेव बुडविणे, अर्थात कूटलेखक्रिया व न्यासापहार, हे दोन आहेत. भावाचा वाटा ही आपल्या हाती असलेली ठेवच नव्हे काय? आणि पहा, त्याच तत्त्वार्थसूत्रावर गुजराती भाषेत विवेचन लिहिणारे पंडित सुखलालजी संघवी हे स्वतः अंध होते. १८८० साली सौराष्ट्रातील लिमली गावी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी देवी येऊन डोळे गेले. पुढे १९०४ साली ते काशीस विद्याध्ययनास गेले, १९३३ ते १९४४ या काळात काशी हिंदू विश्वविद्यालयात अध्यापक राहिले आणि १९७४ साली पद्मभूषण झाले. दुसरे वाचून दाखवीत आणि लिहून घेत. परंतु निर्णय पंडितजींचा असे. साहाय्य कसे असावे, याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही.

व्यवहार कसा ठेवावा

प्रथम वहीत स्वतंत्र खाते उघडावे. श्रमाचा मोबदला, मिळकतीचे भाडे, ठेवीचे व्याज हे जमेस. औषध, कपडे, प्रवास हे नावे. महिन्याकाठी ते खाते त्या भावंडास वाचून दाखवावे. दुसरे, बँकेत त्याच्या एकट्याच्या नावाचे खाते असावे. संयुक्त खाते सोयीचे खरे, परंतु त्यातील कोणाचा पैसा किती, हे दहा वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. आमच्या बंधूंस एका शाखेत चेकबुक नाकारण्यात आले; "आंधळ्या माणसास धोका होईल" असे कारण दिले गेले. वस्तुतः चेकबुक, एटीएम, लॉकर या सोयी अंध खातेदारांस भेदभाव न करता द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सर्व बँकांस कळविले आहे. ते दाखविल्यावर काम झाले.

रोख हाताळणेही अशक्य नाही. नव्या मालिकेत नोटेचे मूल्य जितके अधिक, तितकी तिची लांबी अधिक: १० रुपयांची नोट १२३ मिलिमीटर, तर ५०० ची १५०. शंभराच्या नोटेच्या कडांस चार उठावदार तिरक्या रेषा आहेत, पाचशेच्या नोटेस पाच. वापराने त्या झिजतात, म्हणून आमचे बंधू प्रत्येक नोट निराळ्या घडीने ठेवितात. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या आरंभी 'मनी' नावाचे मोबाइल ॲप काढले. ते नोट ओळखून बोलून सांगते. २० रुपयांचे नाणे बारा कोनांचे असल्याने बोटांस लगेच कळते.

प्राप्तिकराविषयी इतकेच. जुन्या करपद्धतीची निवड करणाऱ्यास अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडाच्या पोषणाकरिता ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. भावंडाने स्वतःच्या उत्पन्नातून अशीच वजावट घेतली असेल, तर आपणांस ती घेता येत नाही.

पालक कोणास हवा, कोणास नको

अंध, बधिर अथवा पांगळ्या प्रौढ मनुष्यास पालकाची गरज नसते. त्याची बुद्धी शाबूत आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीस आवश्यक तर पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी द्यावयाची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा असतो. पालकत्व ही मालकी नव्हे.

आपल्या पश्चात काय, हा प्रश्न उद्यावर ढकलू नये. दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. मिळकत मोठी असल्यास १८८२ च्या कायद्याप्रमाणे खाजगी न्यास करावा. त्यात विश्वस्तास हिशेब ठेवणे बंधनकारक आहे आणि न्यासाची मिळकत स्वतः विकत घेण्यास सामान्यतः मनाई आहे. एकाच पुतण्यावर सारा भार न टाकता दोन-तीन विश्वस्त असावेत.

शेवटची बाकी

आम्ही वकील व मुनीम यांना बसवून बंधूंचा वाटा आणि मागील श्रमाचा मोबदला व्याजासह आकारिला. रकमेचा आकडा पाहून आमची मान खाली गेली. घरात कुरबूर झाली, हेही लपवीत नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी बराच महाग रेडिओ आणला. "इतका कशास?" हे शब्द आमच्या ओठांवर आले होते, आम्ही ते गिळले. आम्ही आमच्या पैशाने केलेल्या उधळपट्टीचा जाब त्यांनी कधी विचारला होता?

आता पहाटे त्या रेडिओवर भजने लागतात आणि सारे घर त्या सुरांवर जागे होते. चंदी पडव्यास पूर्वी ते आमच्या हातची घारी खात. आता पेटी त्यांच्या पैशाची येते आणि पुतण्या त्यांच्याभोवती गोळा होतात. वाटा कोणास मोठा द्यावयाचा, हे ते हाताने चाचपून ठरवितात आणि त्यावरून भांडणेही लावून देतात. संध्याकाळी तापीकाठी फिरावयास जाताना रिक्षाचे भाडे तेच देतात. आम्ही खिशात हात घातला तर रागावतात. या आनंदास खर्च थोडाच आला. तो आमच्या घरखर्चाच्या खात्यातून मात्र कधीच आला नसता.

गेल्या पर्युषणात, महावीर जन्मवाचनाच्या दिवशी, स्वप्नांची बोली चालू असता मागून एक ओळखीचा आवाज आला. आम्हांस न विचारता बंधूंनी बोली दिली होती. रक्कम लहानच होती. आम्ही वळून पाहिले नाही. घरी आल्यावर मुनीमजींस सांगितले की त्यांच्या खात्यावर नावे लिहा, आणि त्यांना वाचून दाखवा.

येत्या दिवाळीस नवी वही उघडताना प्रत्येक सभासदाने एवढे पाहावे, की आपल्या घरातील असे एखादे नाव खात्यावाचून राहिले तर नाही ना.

जय जिनेंद्र.