करुणेच्या सुखाची बौद्ध मीमांसा

बौद्ध विचारात परोपकाराचे फळ पुढच्या जन्मासाठी राखून ठेवलेले नाही. दुसऱ्याचे कल्याण इच्छिणारे चित्त त्याच क्षणी द्वेषातून सुटते आणि ही सुटकाच सुखाचे मूळ ठरते. मैत्री म्हणजे सर्वांच्या हिताची इच्छा, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद, आणि उपेक्षा म्हणजे समचित्तता, या चार भावनांना ‘ब्रह्मविहार’ असे नाव आहे. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात मैत्रीचे अकरा लाभ सांगितले असून त्यांतले पहिले तीन अगदी रोजच्या जगण्यातले आहेत: सुखाने झोप लागणे, सुखाने जाग येणे आणि वाईट स्वप्ने न पडणे.

या भावनांची साधना कशी करावी, हे पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात बारकाईने सांगितले. त्याची देवनागरी आवृत्ती गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी १९४० मध्ये सिद्ध केली, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. मैत्रीचा आरंभ साधकाने स्वतःपासून करावा आणि मग ती आदरणीय, प्रिय, तटस्थ व वैरी अशा व्यक्तींपर्यंत न्यावी, असा त्यातील क्रम आहे. ती खरोखर पोहोचली की नाही, याची कसोटी मात्र विलक्षण आहे. साधक, त्याचा प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसलेले असताना दरोडेखोर येऊन बळी देण्यासाठी त्यांच्यापैकी एकाची मागणी करतात, अशी कल्पना करावयाची. वैऱ्याला न्या, असे ज्याच्या मनात येते तो अर्थातच अनुत्तीर्ण होतो. परंतु मला न्या, या तिघांना सोडा, असे म्हणणाराही उत्तीर्ण होत नाही, कारण चौघांपैकी एकाचे अहित त्यालाही चालते. कोणालाच देण्याजोगे न मानणाऱ्या चित्तानेच आप-परांमधील सीमा मोडलेली असते. परोपकार म्हणजे स्वतःला झिजवणे, ही आपल्याकडची रूढ समजूत इथे पार निकालात निघते.

करुणेचे दोन शत्रूही बुद्धघोष सांगतात: क्रौर्य हा दूरचा, तर शोक हा जवळचा, म्हणजे करुणेसारखाच दिसून फसवणारा. दुःखिताजवळ बसून स्वतःच खचणारे मन करुणेच्या मार्गावरून ढळलेले असते. आजाऱ्याची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांसाठी हा भेद फार मोलाचा आहे.

मात्र परक्याचे दुःख आपल्याला बाधत नसताना ते का निवारावे, हा प्रश्न उरतोच. आठव्या शतकात नालंदेचे आचार्य शांतिदेव ‘बोधिचर्यावतार’ ग्रंथात तो स्वतःच उपस्थित करतात आणि उत्तर देतात, की उद्याच्या देहाचे दुःखही आज बाधत नाही, तरी माणूस त्याची तजवीज करतो. शिवाय आई-बापांच्या अंशांतून बनलेल्या या देहाला ‘मी’ मानणे जर केवळ सवयीने जमले असेल, तर तीच आपुलकी इतरांविषयीही अभ्यासाने जमू शकते.