बाईक काळा धूर सोडतेय, ॲव्हरेज पडलंय? कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

ॲव्हरेज ५५ वरून ४० वर आलंय, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास. आणि गंमत म्हणजे सकाळी थंड असताना गाडी मस्त पळते, गरम झाली की अडखळते. तुमच्या बाईकचं असं होत असेल तर इंजिन बहुतेक 'रिच' चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल लागतंच, म्हणून सकाळी हा दोष लपून राहतो.

धुराचा रंग नीट बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, तो रिंग किंवा वॉल्व्ह सीलचा वेगळा मामला आहे. आणि हल्ली ॲव्हरेज पडलं की लोक सगळं खापर इथेनॉलच्या पेट्रोलवर फोडतात. त्याने ॲव्हरेज थोडं पडतं हे खरं, पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरची गाडी उलट थोडी 'लीन' होते. काळ्या धुराचं कारण दुसरीकडे शोधा.

खात्री करायची तर ८-१० किलोमीटर गाडी चालवा, इंजिन थंड होऊ द्या आणि प्लग काढा. टोकावर कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर रिच. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. ओलं, तेलकट काळं असेल तर बहुधा ऑइल. उजेडात फोनने फोटो काढून ठेवा, दुरुस्तीनंतर तुलना करता येते. नुसता नवा प्लग टाकून भागत नाही. दोन-चार दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा काळी.

मी असेच दोन प्लग वाया घालवले. मग गॅरेजमध्ये ट्यूनिंगही करून घेतलं. दोष निघाला चोकच्या केबलमध्ये! हँडलजवळचा खटका बंद दिसत होता, पण केबल गंजल्यामुळे खाली कार्बोरेटरवरची पट्टी अर्ध्यातच अडकत होती. म्हणून चोक वरून नाही, कार्बोरेटरपाशी वाकून बघा.

त्यानंतर एअर फिल्टर. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलका झटकायचा. उजेडासमोर धरून आरपार दिसत नसेल तर सरळ बदलायचा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण सुकवून, थोडं ऑइल लावून घट्ट पिळा. ऑइल जास्त झालं तरी हवा अडतेच.

आता जरा गंभीर गोष्ट. स्टँडवर उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकतंय का? टपकत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. डिपस्टिक काढून वासही घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा लेव्हल आपोआप वाढली असेल तर गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि सिलेंडर वाचवत नाही, आणि दोनशे-तीनशेचं काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. पेट्रोलचा कॉक बंद करा, सुई बदलून घ्या, ऑइलही बदला.

एवढं सगळं ठीक असेल तरच स्क्रू. इथे बरेच जण फसतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. बाहेर फिरवला की मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर फिरवला की उलट जास्त रिच होतं! आधी हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे लागले ते मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. हा स्क्रू फक्त आयडलिंग आणि कमी रेसवर काम करतो. अर्ध्या रेसला काळा धूर येत असेल तर जेटची सुई आणि तिचं भोक झिजलंय का ते मेकॅनिकला बघायला सांगा.

लेह-लडाखच्या ट्रिपवर कार्बोरेटरची बाईक रिच झाली तर घाबरू नका. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवाच विरळ. खाली आल्यावर गाडी आपोआप सुधारते.

१ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ बाईक असेल तर ती बहुतेक फ्युएल इंजेक्शनची. तिला चोक नाही की फिरवायचा स्क्रू नाही, पण एअर फिल्टर आहेच, तो आधी बघा. इंजिनचा तापमान सेन्सर बिघडला तर कंप्युटरला इंजिन कायम थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. बाहेरचा सायलेन्सर बसवताना जोडाची गॅस्केट नीट बसली नाही तरी असंच होतं: फटीतून बाहेरची हवा आत जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण लीन भासतं, आणि कंप्युटर आणखी पेट्रोल सोडतो. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जा. आणि सायलेन्सर नुकताच बदलला असेल, तर आधी तो जोड तपासायला सांगा.