घाटावरची दुपार, घाटाखालची पहाट

पावसाच्या सावलीवर या आठवड्यात लिहायचे कबूल केले होते. ते पुढे ढकलतो, कारण नांदुऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न बाजूला ठेववत नाही. ते विचारतात, ‘बुलढाणा घाटावर, म्हणजे सूर्याला आमच्यापेक्षा जवळ. मग उन्हाळ्यात आम्हीच जास्त का भाजतो?’

सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे. त्या हिशेबात बुलढाण्याच्या वाटेवरच्या राजूर घाटाची चढण कुठेच लागत नाही. खरी गोष्ट अशी, की हवा उन्हाने थेट फारशी तापत नाही. ऊन आधी जमीन तापवते आणि जमीन हवेला. ती हवा वर चढली, की वरचा दाब कमी असल्याने पसरते आणि पसरता पसरता निवते. कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ 10 अंश निवते. वातावरणातली सरासरी घट साडेसहा अंशांची. बुलढाणा सुमारे 650 मीटरवर, नांदुरा ज्यात आहे ते पूर्णेचे खोरे साधारण 250 ते 300 मीटरवर. म्हणजे वैशाखातल्या दुपारी अडीच ते चार अंशांचा फरक नुसत्या उंचीने पडतो. त्यात खाली मे महिन्यात उघडी पडलेली काळी जमीन, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. इंग्रज अमदानीत रेल्वे सपाटीवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी गेली. जिल्ह्याचे ठिकाण मात्र उन्हाळ्यात गार असलेल्या घाटावरच राहिले.

एवढे शाळेच्या भूगोलातही असते. मला खरी ओढ आहे ती पुढच्या गोष्टीची : हिवाळ्याच्या रात्री हाच नियम उलटतो.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा पौषातल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिला टेकलेली हवा गारठते, जड होते आणि पाण्यासारखी उतार धरते. डोंगराच्या कडेवरून, नाल्यानाल्याने ती खाली येते आणि खोऱ्यात साचते. तिच्या वर ऊबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. म्हणून दुपारी थंड असलेला घाटमाथा अशा पहाटे खोऱ्यापेक्षा ऊबदार असू शकतो. खालच्या धुक्याचा आणि जमिनीलगत पसरून राहणाऱ्या चुलींच्या धुराचा उलगडाही यातच आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही. एकाच शिवारात बरडावरचा हरभरा सुखरूप आणि लवणातल्या पिकाला थंडीचा मार, असे घडते ते यामुळे. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे फळबाग लावणाऱ्याने मातीचा कस पाहावा, पाण्याची सोय पाहावी आणि रात्रीची थंड हवा कुठून येऊन कुठे थांबते, तेही पाहावे. थंडीच्या लाटेत रात्री पाणी देणे, बांधावर शेकोट्या करून धूर धरणे हे उपाय याच साचलेल्या हवेवरचे आहेत.

उंची म्हणजे थंडी, हे सूत्र अर्धेच आहे. दिवसा उंची बोलते, रात्री उतार. जिल्ह्याच्या हवामानाचे कोणतेही वर्णन या दोन्हींशिवाय पुरे होत नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती : येत्या हिवाळ्यात राजूर घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर एकाच पहाटे, सूर्योदयापूर्वी, हवेचे तापमान मुलांकडून मोजून घ्या आणि आकडे कळवा.

पावसाची सावली पुढच्या आठवड्यात.