आधी पत्ता आपल्या नावावर करा

ब्लॉग फुकटच्या ब्लॉगरवर सुरू करावा की होस्टिंग घेऊन वर्डप्रेसवर, या वादात नवशिक्याचा खरा प्रश्न हरवतो: पत्ता कोणाच्या मालकीचा? याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट वेबपानांची सेवा बंद केली, तेव्हा लाखो पानांचे पत्ते एका फटक्यात मेले. म्हणजे फुकटचं नकोच, असं कोणी म्हणेल. पण होस्टिंगचं भाडं थकलं की तिथलीही साइट गायब होतेच. शिवाय अपडेट, बॅकअप, हॅकिंग ही सगळी उस्तवार आपल्याच गळ्यात. दहा लेखही न लिहिलेल्या माणसाने ती का ओढवून घ्यावी? ब्लॉगरला स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावावर घेतलेला पत्ता, जोडता येतं, खर्च फक्त डोमेनचा. (वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत ही सोय नाही.) पुढे वर्डप्रेसवर जायचं ठरलंच, तर लेख एक्सपोर्ट करून नेता येतात आणि पत्ता तोच राहतो, जुन्या लिंकांची थोडी डागडुजी तेवढी करावी लागते.