भिंत ऐकू येते

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर फलाटाच्या ठरावीक जागी एक बीप सतत वाजत असतो. रोजच्या प्रवाशांना तो ऐकूही येत नाही. पांढरी काठी घेऊन आलेल्या दोघा मित्रांना मात्र तो सांगतो, दिव्यांगांचा डबा इथे लागणार. एक काठी टेकत पुढे, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे, आणि गप्पा अखंड चालू.

‘देवानं कान तीक्ष्ण दिले,’ असं आपण सहज म्हणून टाकतो. खरी गोष्ट त्याहून अद्भुत आहे! काठीचा टकटकाट भिंतीवर आदळून परत येतो. भिंत जवळ असली तर लगेच, लांब असली तर किंचित उशिरा, आणि गल्लीचं तोंड आलं की परतणारा आवाज एकदम विरतो. अडथळा जवळ आला की चेहऱ्यावर काहीतरी जाणवतं, असं पूर्वी अनेक अंध माणसं सांगत. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याचा छडा लावला गेला. चेहरा झाकला तरी माणसं भिंतीआधी थांबत. कान बंद केले की भिंतीवर जाऊन आदळत. चेहऱ्याला जाणवत होतं ते सारं कानांनी टिपलेलं होतं.

2011 साली कॅनडातल्या संशोधकांनी तोंडानं ‘टक्’ असा आवाज काढत वावरणाऱ्या दोन अंध व्यक्तींचे मेंदू तपासले. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्या मेंदूतला एरवी पाहण्याचं काम करणारा भाग जागा होत होता!

म्हणूनच पत्र्यावर कोसळणारा पाऊस अंध माणसांची वाट पुसून टाकतो, आणि आवाज न करता येणारी विजेवरची गाडी त्यांना फार धोक्याची.

पायांनाही वाचायला मजकूर असतो. फरशीवरच्या उभ्या पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, गोल उंचवटे म्हणजे ‘सावध’. जपानच्या सेईइची मियाके यांनी शोधलेल्या या फरशा 1967 साली ओकायामात पहिल्यांदा बसल्या. आपल्याकडे त्यांच्यावर सर्रास दुचाकी लावलेली दिसते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

वडापावचे पैसे देताना या मित्रांचा फोन रक्कम वाचून दाखवतो, तीही इतक्या झपाट्यानं की आपल्याला शब्द सुटा करता येत नाही. इअरफोन मात्र एकाच कानात, कारण दुसऱ्या कानाला रस्ता पाहायचा असतो.